वर्गाचा ब्लॉग काढला तर मुलांचं लेखन खरंच सुधारतं का? आठवी-नववी, मराठी माध्यम, नाशिक

सिडकोच्या_मॅडम:

नमस्कार मंडळी. मी नाशिकला सिडकोतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला मराठी शिकवते, एकेका तुकडीत पंचावन्न-साठ मुलं. बहुतेकांचे आईवडील अंबडला नाहीतर सातपूरला कंपनीत, काहींच्या भाजीच्या नाहीतर वडापावच्या गाड्या. मुलं बोलायला एकदम फर्डी. मधल्या सुट्टीत नुसतं बाजूला उभं राहून ऐकलं तरी काय एकेक किस्से रंगवून सांगतात, आवाज काढून, नकला करून, आणि तीच मुलं निबंधाची वही पुढे आली की कुणी वेगळीच होतात. पावसाळ्यावर लिहा म्हटलं की सृष्टी हिरवा शालू नेसते, बळीराजा सुखावतो आणि शेवटी "असा हा पावसाळा मला खूप खूप आवडतो". सगळ्या वह्यांत तोच शालू. आधी गाईड होतं, आता मोबाइलवर एआयला विचारतात, तो तर गाईडपेक्षाही गुळगुळीत लिहून देतो.

मी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते, शेरा लिहिते, वही परत देते, आणि मूल फक्त मार्क बघून वही दप्तरात टाकतं. शेरा कुणी वाचत नाही हे समोर दिसतं आणि फार वाईट वाटतं, कारण या मुलांकडे सांगण्यासारखं खूप आहे हो.

तर मनात असं आलंय की दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या एका तुकडीचा ब्लॉग काढावा, मुलांनी त्यावर लिहावं, एकमेकांचं वाचावं, कमेंट करावी. कुणी केलंय का असं? नुसती चार दिवसांची हौस होते का खरंच लिहिण्यात फरक पडतो? मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीयेत पण पोर्शनचं काय करणार ते विचारतायत. सगळ्यांकडे फोन नाही, घरात असतो तो वडिलांचा, तोही रात्री जेवणं झाल्यावर हातात येतो. शाळेच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर आहेत पण नेट असलं तर असलं. आणि साठ जणांचं सगळं मी वाचायचं कधी हा प्रश्न आहेच. जरा सविस्तर सांगा प्लीज.

निफाडकर_सर:

मॅडम, जरूर काढा. मी निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत बरीच वर्षं वर्गाचा ब्लॉग चालवतोय त्यामुळे अनुभवाचं सांगतो, फरक पडतो, पण तो ब्लॉगमुळे पडत नाही, वाचणारा माणूस मिळाल्यामुळे पडतो. हे आधी डोक्यात पक्कं बसवा म्हणजे बाकीचे निर्णय आपोआप सोपे होतात.

आत्ता मूल कुणासाठी लिहितंय? तुमच्यासाठी. तुम्हाला पावसाळा माहितीये, शेतकरी माहितीये, सगळंच माहितीये हे त्याला ठाऊक आहे, मग ते तुम्हाला नवीन काय सांगणार, ते फक्त तुम्हाला हवं असेल ते लिहून दाखवतं. उलट मधल्या सुट्टीत किस्सा ऐकणारा मित्र मधेच थांबवून "मग? तो काय म्हणाला?" विचारतो म्हणून किस्सा रंगतो. तो "मग?" विचारणारा माणूस लिहिण्यात आणायचा, एवढंच काम ब्लॉगने करायचं.

आणि ही गोष्ट काही नवीन नाही बरं का. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी "छात्रालय" नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे, मग १९२८ साली त्यांनी "विद्यार्थी" मासिक सुरू केलं. साधारण त्याच काळात तिकडे फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाच्या खेड्यातल्या मास्तरांनी वर्गात छोटं छपाईयंत्र आणून ठेवलं, मुलं स्वतःच्या रोजच्या गोष्टी अक्षरांचे खिळे जुळवून छापायची आणि दुसऱ्या गावच्या शाळेला पोस्टाने पाठवायची, तिकडच्या मुलांचं यांच्याकडे यायचं. लांबचं पोरगं आपलं वाचणार आहे म्हटल्यावर मुलं नीट लिहायला लागली. आपल्याला खिळे जुळवायचे नाहीत, पोस्टाचं तिकीट लागत नाही, एवढाच फरक.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते. साठ जणांचं एकदम घेऊ नका. बारा-बारा जणांचे पाच गट करा, दर आठवड्याला एकच गट पोस्ट टाकणार आणि बाकीचे वाचून कमेंट करणार, म्हणजे तुम्हाला नीट वाचायला बारा लेख येतात आणि प्रत्येक मुलाला लिहायला भरपूर वेळ मिळतो. ज्या गटाची पाळी आहे त्याने पहिल्यांदा लिहायचंच नाही, सांगायचं. शेजारच्याला पाच मिनिटं तोंडी सांगायचं आणि शेजारच्याने ऐकताना मनात आलेले प्रश्न कागदावर टिपून त्याच्या हातात द्यायचे. तुमची मुलं बोलायला फर्डी आहेत ना, मग हे भांडवल वापरा. त्या प्रश्नांचा कागद समोर ठेवून वहीत कच्चं लिहायचं, ते आणखी एकाने वाचायचं, मग दुसऱ्यांदा लिहायचं आणि मगच टाइप करायचं. यातलं तोंडी सांगणं आणि कच्चं लिहिणं तासात होतं, त्याला नेट लागत नाही आणि फोनही लागत नाही, म्हणून म्हटलं की ब्लॉग हा शेवटचा टप्पा आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कमेंट कशी करायची ते शिकवा, आणि ते पोस्ट सुरू व्हायच्या आधी शिकवा. नाहीतर पहिल्या दिवशी "छान", "मस्त", "एक नंबर भावा" आणि अंगठ्याचे इमोजी यांचा पाऊस पडतो आणि लिहिणाऱ्याला त्यातून काही म्हणजे काही मिळत नाही. आमच्याकडे नियम एवढाच की लेखातलं तुला लक्षात राहिलेलं एक वाक्य जसंच्या तसं उतरव आणि तुला अजून जे कळलं नाही ते एक विचार. चुका काढायच्या नाहीत, सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं. मी फळ्यावर एखादा नाव नसलेला परिच्छेद लिहून आख्खा तास त्यावर नुसते प्रश्न काढून घेतो, मुलांना यात भयंकर मजा येते.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. कांदा उत्पादकाचा मुलगा, त्याने पहिल्यांदा लिहून आणलं की "शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. तो रात्रंदिवस काबाडकष्ट करतो. परंतु त्याच्या मालाला योग्य भाव मिळत नाही." शुद्धलेखनाची एकही चूक नाही, लाल पेनाला काही कामच नाही. वर्गातल्या मुलीने विचारलं, तू स्वतः मार्केटला गेला होतास का, किती वाजता निघाले, भाव कोण ठरवतं? बस्स, एवढंच. पुढच्या वेळी त्याने लिहिलं ते असं होतं: "पहाटे ट्रॉली भरून लासलगावला निघालो. पप्पांनी गोल्टी (बारीक कांदा) आधीच निवडून बाजूला काढली होती. रांगेत ट्रॅक्टर लावला आणि मी ट्रॉलीवर चढून बसलो. व्यापारी आले, एकाने चार कांदे हातात घेतले, एक दाबून बघितला आणि बोली सुरू झाली. मी पप्पांकडे बघत होतो. ते कांद्याकडे बघत होते. आमचा लिलाव संपायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. खळ्यावर कांदा खाली करेपर्यंत पप्पा काहीच बोलले नाहीत."

यात दोन-तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, त्या मी इथे नीट करून लिहिल्यात. पण "ते कांद्याकडे बघत होते" हे वाक्य त्या मुलाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. त्या मुलीने प्रश्न विचारला म्हणून त्याला ते आठवलं. आणि भाव मिळत नाही हे आता त्याला लिहावंच लागलं नाही.

एआयचं म्हणाल तर त्याच्याशी भांडत बसू नका, विषय बदला. "माझा आवडता ऋतू" दिलात तर ते पाच सेकंदात येणार. "आमच्या गल्लीतला नळ कधी येतो आणि आला की काय होतं" हे दिलंत तर कुठल्याच यंत्राला ते माहीत नाही, मुलालाच लिहावं लागतं. शिवाय तोंडी सांगणं आणि वहीतलं कच्चं लेखन तुमच्या डोळ्यांसमोर झालेलं असतं.

पंचवटीचा_पालक:

वरचं वाचून फार बरं वाटलं सर, पण मी पालक म्हणून एक काळजी मांडतो, कृपया राग मानू नका. माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या शाळेत (नाव सांगत नाही) एका उपक्रमात मुलांचे लेख नेटवर टाकले होते, त्यात पूर्ण नाव, तुकडी, शाळेचं नाव आणि गणवेशातला फोटो, सगळं एकाच ठिकाणी, आणि आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. आम्ही चार-पाच पालक भेटायला गेलो तेव्हा कुठे फोटो काढले. हेतू चांगलाच होता हो, पण मूल कुठे शिकतं, कुठे राहतं, कधी क्लासला जातं हे सगळं कोणालाही वाचता येतं हे भीतीदायक आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलंय आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्यामुळे मॅडम, आधी पालकसभा घ्या, मराठीत साध्या भाषेत एक पानाचं संमतीपत्र द्या, त्यात कुणाला वाचता येणार, किती दिवस राहणार, पालकांनी सांगितलं तर लगेच काढणार का, हे स्पष्ट लिहा. आणि ज्या पालकाने नाही म्हटलं त्याच्या मुलाला वर्गात वेगळं वाटू देऊ नका, त्याचा लेख वहीत राहिला तरी त्याला कमेंट तेवढ्याच मिळाल्या पाहिजेत.

दुसरं म्हणजे मुलं प्रामाणिकपणे लिहायला लागली की घरातलं लिहितात. वडिलांचं पिणं, भांडणं, कर्ज. ते लिहावं, पण ते सगळ्यांनी वाचावं का हे ठरवायला मोठं माणूस हवं.

निफाडकर_सर:

दादा, राग कसला, शंभर टक्के बरोबर आहे तुमचं. आमच्याकडे टोपणनाव असतं, मुलं स्वतःच निवडतात आणि त्यातच निम्मा आनंद असतो. चेहऱ्याचा फोटो नाही, गणवेश नाही, गावाचं नाव चालेल पण गल्ली नाही. घरातलं नाजूक काही आलं तर ते माझ्या आणि मुलाच्या मधे वहीत राहतं, ते मी मनापासून वाचतो, उत्तर लिहितो, पण टाकत नाही, आणि काही काळजीचं असेल तर मुलाशी नीट बसून बोलतो. म्हणून कुठलाही लेख शिक्षकाने वाचल्याशिवाय वर जाता कामा नये.

मुद्रितशोधक_नाशिकरोड:

मी तीस वर्षं छापखान्यात आणि नंतर घरून मुद्रितं (प्रूफं) तपासतोय, त्यामुळे तांत्रिक आणि शुद्धलेखनाच्या बाजूने थोडं.

ब्लॉगर नावाची साइट वापरा, साधं आहे. १९९९ पासून चालू आहे, २००३ मध्ये गूगलने घेतलं, फुकट आहे, जाहिरात लावायची सक्ती नाही. सेटिंगमध्ये वाचकांसाठी तीन पर्याय असतात, सगळ्यांसाठी खुला, फक्त लिहिणाऱ्यांपुरता, किंवा ज्यांना ईमेलने बोलावलं तेवढ्यांनाच. सुरुवात बंद ब्लॉगने करा. सर्च इंजिनला दिसू नये याचंही वेगळं बटण आहे. कमेंट आधी तुमच्याकडे येईल आणि तुम्ही मान्य केल्यावरच दिसेल अशी सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. तेराच्या खालच्या मुलाला स्वतःचं साधं गूगल खातं काढता येत नाही, तेव्हा आठवीतल्या लहान मुलांचं एकाच खात्यावरून मॅडमनीच टाकलेलं बरं.

टायपिंग. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर श्रीलिपी किंवा तसले जुने फॉन्ट असतील तर त्यात टाइप केलेलं ब्लॉगवर चिकटवलं की नुसती कचऱ्यासारखी चिन्हं दिसतात, कारण त्या फॉन्टमध्ये अक्षरांच्या जागी इंग्रजी कळांचे कोड असतात. युनिकोडच (कुठल्याही कॉम्प्युटर-फोनवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत) हवं. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा कीबोर्ड) शिकवा, विंडोजमध्ये ते आयतंच असतं, स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, मुलं फार पटकन शिकतात. फोनवर गूगलचा जीबोर्ड आहेच. आवाजी टायपिंग मुलांना फार आवडेल आणि ज्याचं हस्ताक्षर वाईट आहे किंवा लिहायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी ते वरदानच आहे, पण त्यात पूर्णविराम येत नाहीत, एका श्वासात आख्खं पान येतं, आणि उच्चारात सारखे वाटणारे शब्द चुकतात. मग ते पान प्रिंट काढून मुलांना द्यायचं आणि विरामचिन्हं घालायला सांगायची. विरामचिन्हं शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही, कारण वाक्य स्वतःचंच असतं, कुठे थांबलो होतो ते आठवत असतं.

आणि एक विनंती, शुद्धलेखन कमेंटमध्ये सगळ्यांसमोर काढू नका. मोठमोठे लेखक मुद्रितशोधनाला पान देतात ते बंद पाकिटात, चौकात नाही. वर्गात जोड्या लावा, टाकायच्या आधी एकमेकांची मुद्रितं तपासू द्या. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ चे आणखी चार असे मिळून अठराच नियम आहेत, एका पंधरवड्याला एकच नियम घ्या आणि फक्त तेवढंच तपासा. उदाहरणार्थ शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, एवढंच. "आणि" आणि "नि" हे अपवाद त्यांनाच शोधू द्या.

जुना_परीक्षक:

मी दहावीचे मराठीचे पेपर तपासलेत त्यामुळे मुख्याध्यापकांच्या पोर्शनच्या प्रश्नाला उत्तर देतो. कुमारभारतीच्या ऐंशी मार्कांच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ मार्क आहेत, म्हणजे पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, आणि प्रसंगलेखन-आत्मकथन-वैचारिक यापैकी एक. तेव्हा लिहायला शिकवणं हाच पोर्शन आहे, पोर्शनच्या बाहेरचं काही नाही. पुढे अकरावीच्या युवकभारतीत तर अनुदिनी म्हणजे ब्लॉगलेखन आणि मुद्रितशोधन हे दोन्ही घटक पाठ्यपुस्तकातच आहेत. आठवीपर्यंतच्या आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनात उपक्रम, प्रकल्प आणि सहाध्यायी मूल्यमापन ही साधनं कागदावर आहेतच, मुलांनी दिलेल्या कमेंट हेच सहाध्यायी मूल्यमापन, वेगळी फाईल रंगवायची गरज नाही.

मात्र एक सांगतो, ब्लॉगने सगळं होणार नाही. पत्रलेखनाचा आराखडा, विषय-संदर्भ-मायना, हा वेगळा सराव करूनच घ्यावा लागतो. आणि परीक्षेत हाताने, वेळेत, एकाच बैठकीत लिहायचं असतं, दुसरा खर्डा करायला वेळ नसतो. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी घड्याळ लावून कागदावर लिहून घ्या. सारांशासाठी मात्र ब्लॉग उत्तम, मित्राच्या आख्ख्या लेखाचा सारांश तीन ओळींत लिहा आणि मूळ लिहिणाऱ्याने सांगायचं की माझं म्हणणं यात आलं का नाही. पाठातल्या उताऱ्याचा लेखक असं सांगायला येत नाही ना.

पेपर तपासताना शेकडो पानं सारखी असतात आणि मधेच एखाद्या पोराचं खरं वाक्य येतं तेव्हा तपासणारा सावरून बसतो, हे मी स्वतःचं सांगतो. असं पान हातून मार्क न देता सुटत नाही.

सिडकोच्या_मॅडम:

बापरे, तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप खूप आभार. लासलगावचा तो परिच्छेद मी स्टाफरूममध्ये वाचून दाखवला, सगळे गप्प झाले.

तोंडी सांगण्याचा प्रयोग मी लगेच काल एका तासाला केला, ब्लॉग वगैरे काही न सांगता. विषय दिला "पाऊस" च, पण म्हटलं तुझ्या घराचं पावसात काय होतं ते शेजारच्याला सांग. एका मुलाच्या मामांचं सराफ बाजाराजवळ दुकान आहे. तो सांगत होता की गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मामा दर अर्ध्या तासाने विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या (गोदावरीच्या पात्रातली मोठी मूर्ती, तिच्यावरूनच पुराचं पाणी मोजतात) कुठपर्यंत आलं? कमरेपर्यंत असेल तर चहा पितात, छातीपर्यंत आलं की माल वरच्या माळ्यावर चढवायला सुरुवात, आणि गळ्याला लागलं की शटर ओढून सगळे घरी. २०१९ च्या पुरात तो मामांकडेच होता, अगदी लहान होता, तरी ओल्या खोक्यांचा वास आठवतो म्हणाला. शेजारच्या मुलीने त्याला विचारलेले प्रश्न मी जपून ठेवलेत: "पाणी उतरल्यावर आधी काय साफ करतात? चिखल कोण काढतं? मामी काय म्हणाल्या?" आता त्याला लिहायला बसवायचंय. हिरव्या शालूचा कुठे पत्ताच नव्हता, मला इतका आनंद झाला ना.

दोन गोष्टी मात्र अजून अडतायत. एक तर वर्गात काही मुलं बागलाण, कळवण, सुरगाणा भागातून आलेली आहेत, घरी अहिराणी किंवा कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींची बोली, गोव्याची नव्हे) बोलतात आणि लिहिताना एकदम आखडतात, त्यांना वाटतं आपलं मराठी चूक आहे. आणि दुसरं, सहा-सात मुलांच्या घरात स्मार्टफोनच नाही, त्यांचं काय?

सटाण्याची_लेक:

मॅडम, पहिल्या प्रश्नावर मला बोलायलाच हवं कारण मी तीच आखडणारी मुलगी होते. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि निबंधात तिसरंच काहीतरी. मला कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की आजीचं बोलणं आजीच्याच शब्दांत लिही. आजी दारातून "काय करी ऱ्हायना?" म्हणाली तर तसंच अवतरणचिन्हात लिहायचं, त्याचं "तू काय करत आहेस?" करायचं नाही. बाकीचं निवेदन मराठीत. यात दोन गोष्टी होतात, मुलाला घरची भाषा लपवावी लागत नाही आणि प्रमाण मराठी कुठे वापरायची, बोली कुठे, हा फरक ते आपोआप करायला शिकतं, नियम पाठ न करता. आणि वर्गातली इतर मुलं कमेंटमध्ये अर्थ विचारतात, मग तेच मूल समजावून सांगणारं होतं. एखाद्या लाजऱ्या मुलासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, मी आत्ता लिहिताना पण मला भरून येतंय.

फक्त टिंगल झाली तर ती तिथल्या तिथे थांबवा मॅडम. एक कमेंटसुद्धा "गावठी" म्हणून आली ना तर ते मूल वर्षभर परत लिहिणार नाही.

निफाडकर_सर:

ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. सुरगाण्याकडच्या मुलांना तर विषयांची काय कमी, भात लावणी, डोंगऱ्यादेव (आदिवासींचा उत्सव), नागलीची भाकर, वर्गातल्या निम्म्या मुलांनी यातलं काही पाहिलेलं नसेल, म्हणजे खरे प्रश्न येतील.

फोन नसलेल्या मुलांचं. माझ्याकडे अजूनही अशी मुलं असतात. वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा पुठ्ठा लावा, त्या आठवड्याचे सगळे बारा लेख कागदावर तिथे लागतील, फोनवाल्यांचेही, आणि प्रत्येक लेखाखाली कोऱ्या चिठ्ठ्या. कमेंट आधी चिठ्ठीवर. ब्लॉगवर ते नंतर जातं, लॅबचा तास असेल त्या दिवशी दोघा-तिघांची टाइप करणारी टोळी बसवायची, दर आठवड्याला वेगळी. म्हणजे फोन असणं-नसणं हा फरक वर्गात दिसतच नाही आणि नेट गेलं तरी काम अडत नाही. खरं सांगू का, पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या बऱ्याचदा जास्त चांगल्या असतात, कारण मूल लेखासमोर उभं राहून वाचतं.

मग कुणी म्हणेल ब्लॉग हवाच कशाला. तो दोन कारणांसाठी हवा. एक म्हणजे पुठ्ठा दर आठवड्याला बदलतो, ब्लॉगवर जूनपासूनचं सगळं राहतं, आणि मार्चमध्ये मुलाला त्याचाच पहिला लेख उघडून वाचायला सांगितला की मला वेगळं काही शिकवावं लागत नाही, "सर हे मी लिहिलं होतं?" म्हणतात आणि स्वतःहून पुन्हा लिहायला मागतात. दुसरं म्हणजे लांबचा वाचक. मॅडम, माझी सूचना आहे, तुमची नववी आणि माझी नववी जोडू. तुमच्या मुलांना कांद्याचा लिलाव माहीत नाही, माझ्या मुलांना कंपनीची रात्रपाळी माहीत नाही. दोन्ही बंद ब्लॉग, एकमेकांच्या वर्गाच्या एका-एका खात्याला वाचायची परवानगी, बाकी कुणाला नाही. दोन्हीकडच्या पालकांच्या संमतीपत्रात तसं स्पष्ट लिहू.

सिडकोच्या_मॅडम:

सर, नक्की! मी उद्याच मुख्याध्यापकांशी बोलते, २४ मार्कांचा मुद्दा घेऊनच जाते. पालकसभा या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे, तिथे संमतीपत्र देते, पंचवटीच्या दादांनी सांगितलेले सगळे मुद्दे घालून. विषयांची यादी मुलांनीच काढली फळ्यावर, त्यात रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड (रंगाच्या पाण्याचा जुना हौद), बाबांची पहिली पाळी, २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी चाललेली रस्त्यांची कामं आणि शाळेत यायला झालेला उशीर असं सगळं आलंय. एका मुलीने "आमच्याकडे पाहुणे आले की मला कुठे झोपवतात" असा विषय दिलाय, तो मला सगळ्यात आवडला.

पंचवटीचा_पालक:

मॅडम, संमतीपत्राचा मसुदा झाला की इथे टाका, मी आणि माझी बायको दोघं वाचून सांगतो कुठे अवघड वाटतंय ते. आणि बंद ब्लॉग असला तरी पालकांना एकदा तरी वाचायला मिळू द्या. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी शाळेत मराठी भाषा गौरव दिन करताच, त्या दिवशी निवडक लेख मुलांनीच वाचून दाखवले तर आम्ही कामावर सुट्टी टाकून येऊ.

मुद्रितशोधक_नाशिकरोड:

वाचून दाखवायच्या आधी त्या लेखांची एक छापील पुस्तिका करायची असेल तर मुद्रितं माझ्याकडे पाठवा, मी पैसे घेणार नाही. फक्त एक अट, मी चुकांवर खुणा करून देईन, दुरुस्त मुलांनीच करायचं. आणि फाईल युनिकोडमध्ये पाठवा.